हाती थोडे, घर मोठे

दिवाळी होऊन पंधरवडा लोटला होता. रविवारची सकाळ. आम्ही ओट्यावर ऊन खात बसलो असता आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे चिरंजीव सपत्नीक आले. चिरंजीव श्रीरामपूरच्या खाणीत नोकरीला, सूनबाई मंचेरियलच्या एका खासगी शाळेत शिक्षिका. दोघांनी वाकून नमस्कार केला, काकूंनी पुढे केलेला चिवडा घेतला, आणि मग चिरंजिवांनी खिशातून घडी केलेला एक गुळगुळीत रंगीत कागद काढून आमच्या हातावर ठेवला. त्यावर एका चार मजली इमारतीचे चित्र होते. इमारत अद्याप उभी राहावयाची होती. चित्रातली झाडे मात्र चांगली वीस वर्षांची दिसत होती. खाली मोठ्या अक्षरांत मजकूर होता की फक्त दहा टक्के भरा आणि मालक व्हा.

"काका, पैसा बँकेचा, भाडं किरायेदाराचं आणि घर आपलं," चिरंजीव म्हणाले. "आमच्याकडे चार लाख आहेत. कंपनीचं क्वार्टर आहेच, राहायची चिंता नाही. हे भाड्यानं देऊ. भाड्यातून हप्ता जाईल. दहा वर्षांनी विकू."

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले. त्या म्हणीत धाक होता. या रंगीत कागदात धाक औषधालाही नव्हता. आम्ही चष्मा लावला, पेन्सिल मागवली आणि त्याच कागदाच्या पाठीवर हिशोब मांडावयास बसलो. तोच हिशोब आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हा कागद एकाच घरात आलेला नाही. करीमनगर, निजामाबाद, आदिलाबाद, बासर, जेथे जेथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत तेथे तेथे तरुण मुलांच्या खिशात असाच एखादा कागद आज सापडेल.

घराची किंमत तीस लाख रुपये धरली. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेने मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के द्यावे; त्यावर पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के, आणि त्याहून मोठ्या कर्जाला पंचाहत्तर टक्के. म्हणजे सत्तावीस लाख बँक देऊ शकते, तीन लाख आपले. येथवर रंगीत कागद खरे बोलतो. परंतु ही 'किंमत' मोजताना दस्ताचा खर्च बँक त्यात धरीत नाही. दहा लाखांच्या आतल्या घराला तेवढी सवलत आहे. तेलंगणात मुद्रांक शुल्क, हस्तांतरण शुल्क आणि नोंदणी फी मिळून होणारा आकार २०२१ च्या जुलैत सहा टक्क्यांवरून साडेसात टक्के झाला. तीस लाखांवर साडेसात टक्के म्हणजे दोन लाख पंचवीस हजार. तीन आणि सव्वादोन, सव्वापाच लाख झाले. बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा अभिप्राय, मूल्यांकन करणाऱ्याची फी, वीज मीटर, पंखे, दिवे आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी हे सारे याहून निराळे. दहा टक्के म्हणून आरंभ केलेला आकडा अठरा-वीस टक्क्यांवर येऊन थांबतो. चिरंजिवांचे चार लाख दाराशीच संपले.

"त्याची सोय आहे," चिरंजीव म्हणाले. "पगारावर पर्सनल लोन मिळतं. दोन दिवसांत."

आम्ही तेही मांडले. सत्तावीस लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांकरिता घेतले, तर मासिक हप्ता सुमारे तेवीस हजार चारशे रुपये येतो. वीस वर्षांत बँकेला परत जातात छप्पन्न लाखांच्या वर; म्हणजे एका घराच्या किमतीत जवळजवळ दुसरे घर व्याजाचे. आता चार लाखांनाही हात लावावयाचा नाही आणि वरचे सव्वापाच लाखही कर्जाऊच आणावयाचे, चौदा टक्क्यांनी, पाच वर्षांकरिता, असे धरले तर त्याचा हप्ता बारा हजार दोनशे. दोन्ही मिळून पस्तीस हजार सहाशे. आणि भाडे? भाडे आठ हजार येते असे समजू. वर्षाला शहाण्णव हजार, म्हणजे तीस लाखांवर सव्वातीन टक्के. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी आणि घर रिकामे राहील ते एकदोन महिने वजा करावयाचे. साडेआठ टक्क्यांनी आणलेला पैसा सव्वातीन टक्क्यांच्या कामाला लावावयाचा, आणि मधले अंतर स्वतःच्या पगारातून दरमहा भरावयाचे. किरायेदार हप्ता भरणार नाही. हप्ता सूनबाईंचा पगार भरणार.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी चिवड्याची बशी खाली ठेवली.

येथे एक प्रामाणिक आक्षेप निघतो, व तो चिरंजिवांनीही काढला. भाडे कमी असले तरी घराची किंमत वाढते, तोच नफा. किंमत वाढते हे खरे. मंचेरियल २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे ठिकाण झाले, जयपूरला सिंगरेणीचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, आणि गावातल्या जमिनींना भाव चढला हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. परंतु किंमत वाढते ती जमिनीची. चार मजली इमारतीतल्या फ्लॅटला जमिनीचा वाटा येतो थोड्या गजांचा, आणि भिंती तर दरवर्षी जुन्याच होत जातात. शिवाय वाढलेली किंमत हातात येते ती गिऱ्हाईक भेटेल त्या दिवशी. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. आणखी एक गोष्ट. आपल्याकडचे गृहकर्ज बहुधा बदलत्या व्याजाचे असते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२२ च्या मे महिन्याच्या आरंभी चार टक्के होता, तो २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहा टक्क्यांवर गेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के! त्या काळात पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला पण कर्जाची वर्षे वाढली, आणि निवृत्तीनंतरही हप्ता चालू राहणार असे बँकेच्या पत्रावरून कळल्यावर आमच्या एका परिचितांची झोप उडाली. अमेरिकेत 'हातचा पैसा न घालता घर घ्या' असे शिकवणारी पुस्तके १९८० च्या सुमारास फार खपली. तेथे तीस वर्षे एकाच दराने चालणारे कर्ज सर्रास मिळते. तरीही २००७-०८ साली किमती उतरल्या तेव्हा थोडक्या पैशांवर घरे घेतलेल्यांचीच घरे सर्वांआधी गेली. हाती स्वतःचा हिस्सा कमी, म्हणजे पडताना सावरायला जागाही कमी.

आमच्या आधीच्या पिढीने थोड्या पैशांत घरे केली नाहीत काय? केली, पण वेगळ्या रीतीने. पगारदार माणसाने गृहकर्जासाठी संस्थेच्या दारात जावे ही चाल आपल्या देशात रुळली ती १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी स्थापन केल्यानंतर हळूहळू. तोवर येथे घर उभे राहावयाचे ते भविष्यनिर्वाह निधीतली उचल, गावाकडच्या भावाने पाठवलेला कापसाचा पैसा आणि घरातले सोने यांवर. आधी एक खोली, तिच्यावर पत्रे. दोन वर्षांनी स्वयंपाकघर. मुलीच्या लग्नाआधी स्लॅब. घर पाच-सात वर्षे 'चालू' असायचे. त्याची थट्टा होई. पण त्या घरावर कोणाचा बोजा नसे.

खाणीतल्या मंडळींचे मात्र निराळे होते. सिंगरेणीचे क्वार्टर मिळे, बेल्लमपल्लीला, मंदमर्रीला, रामकृष्णापूरला. वीज होती, पाणी होते, शाळा होती, दवाखाना होता. तीस-पस्तीस वर्षे त्या क्वार्टरात इतक्या सुखाने जात की घर ही गोष्ट आपली नाही, कंपनीची आहे, याचा विसर पडे. मग सेवानिवृत्तीचा हार गळ्यात पडला की क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस येई. निधी आणि ग्रॅच्युइटीचा सारा पैसा एकरकमी हाती आलेला, आणि राहायला जागा नाही. त्या घाईत जी घरे आणि जे प्लॉट घेतले गेले त्यांपैकी कित्येकांचे कागद आजही नीट नाहीत. म्हणून आम्ही चिरंजिवांना म्हटले, "क्वार्टर आहे म्हणून राहायची चिंता नाही, हेच तुझं पहिलं गणित चुकलं. तुझं हे पहिलं घर आहे, दुसरं नव्हे."

हा भेद वाचकांनी मनावर घ्यावा असे आम्हांस वाटते. पहिल्या घराला सरकार आणि मालक दोघेही हात देतात. गुंतवणुकीच्या घराला कोणी देत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात व्याजाची सवलत आहे, एकूण एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. पण ती वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबालाच. आज भाड्याच्या हौसेने चुकीच्या ठिकाणी फ्लॅट घेतला, तर उद्या राहायच्या घराच्या वेळी ही वाट बंद. खाण कामगारांना कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधीतून घरासाठी उचल मिळते. ती कर्ज नव्हे, आपलाच पैसा आहे, आणि चौदा टक्क्यांच्या कर्जाऐवजी तो वापरणे केव्हाही शहाणपणाचे. परंतु म्हातारपणाच्या ताटातला तो घास आहे, हे लक्षात ठेवूनच तो उचलावा, आणि राहायच्या घराखेरीज दुसऱ्या कशासाठी उचलू नये.

चिरंजिवांनी मग आवाज थोडा खाली करून दलालाने सुचवलेली एक युक्ती सांगितली. घर तीस लाखांचे. दस्त चौतीस लाखांचा करावयाचा. बँक चौतीसवर कर्ज देईल. म्हणजे आपल्याला खिशातून काहीच घालावे लागणार नाही. ही युक्ती नव्हे, ही बँकेची फसवणूक आहे, आणि तिच्या कागदावर सही दलालाची नसते, आपली असते. व्यवहारानेही ती खोटीच. बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली जी कमी ती धरते. मूल्यांकक गाफील राहिला तरी वाढीव चार लाखांवर साडेसात टक्के शुल्क आपणच भरावयाचे, आणि पहिल्याच दिवशी घराच्या खऱ्या किमतीहून अधिक देणे डोक्यावर घ्यावयाचे.

याच्या उलट चाल आपल्याकडे अधिक जुनी. शुल्क वाचावे म्हणून दस्तात किंमत कमी दाखवावयाची आणि उरलेले रोख. ज्याच्याकडे रोख पुष्कळ आहे त्याची ती चाल. थोड्या पैशांच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, कारण तीस लाखांचे घर दस्तात वीस लाखांचे झाले की बँक देणार अठरा लाख. बारा लाख रोखीने कोठून आणणार? मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. खरा दस्त ही गरीब गिऱ्हाइकाच्या सोयीची गोष्ट आहे, हे आमच्याकडे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

आता चिट्टीविषयी. मंचेरियलमध्ये राहून चिट्टीचे नाव न काढणे म्हणजे पंढरपुरात राहून अबिराचे नाव न काढणे. मराठी मुलखातली भिशी आणि आंध्र-तेलंगणातली चिट्टी या बहिणी. पण येथली बहीण कायद्याने नांदते. १९८२ चा केंद्रीय चिट फंड कायदा आहे, चिट्टी सुरू करण्याआधी निबंधकाची परवानगी लागते, आणि चिट्टी चालवणाऱ्याला चिट्टीच्या रकमेएवढी ठेव तारण ठेवावी लागते. उदाहरण घेऊ. पंचवीस सभासद, दरमहा वीस हजार, चिट्टी पाच लाखांची. पाचव्या महिन्यात एकाने गरजेपोटी एक लाख सोडून चिट्टी उचलली, तर त्याला चार लाख मिळाले. सोडलेल्या लाखातून पाच टक्के दलाली, म्हणजे पंचवीस हजार, चालवणाऱ्याची. उरलेले पंचाहत्तर हजार पंचवीस जणांत वाटून प्रत्येकाचे तीन हजार वाचले. (दलालीची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने पाचवरून सात टक्के झाली आहे, चिट्टीच्या करारात किती लिहिली आहे ते पाहावे.) शेवटच्या महिन्यापर्यंत थांबणाऱ्याला दलाली वजा जाता पावणेपाच लाख मिळतात, आणि त्याने दर महिन्याला वीस हजारांपेक्षा कमीच भरलेले असतात.

म्हणजे एकच चिट्टी लवकर उचलणाऱ्याला महागडे कर्ज असते आणि उशिरा उचलणाऱ्याला सक्तीची बचत. घराच्या पहिल्या रकमेसाठी चिट्टी उत्तम, पण ती घर ठरवण्याच्या दोन वर्षे आधी लावावी आणि शेवटाकडे उचलावी. आमच्याकडे रीत उलटी आहे. आधी टोकन देतात, मग चिट्टी लावतात, तिसऱ्या महिन्यात लिलावात एकमेकांवर चढाओढ करून लाख-दीड लाख सोडतात, जामीन म्हणून मेहुण्याला उभे करतात, आणि मग गृहकर्जाचा हप्ता व चिट्टीचा हप्ता हातात हात घालून घरी येतात. आणि ज्या चिट्टीला निबंधकाचा कागदच नाही, ती नात्यातल्या माणसाची असली तरी भिशी म्हणून दोन-चार हजारांपुरती ठेवावी. घराचा पैसा तिच्यात घालू नये.

"आणि कागद?" सूनबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडले. "कागद कोणते पाहायचे, काका?"

त्या प्रश्नाने आम्हांस आमच्या तीर्थरूपांची आठवण झाली. ते रेल्वेत होते. १९७८ साली त्यांनी गावाबाहेर एका शेतमालकाकडून तीन हजारांना एक प्लॉट ठरवला. तीनशे आधी, मग दरमहा पंचाहत्तर रुपये, छत्तीस महिने. हाती थोडे असताना घेण्याची याहून सोपी रीत कोणती? बँक नको, व्याज नको. दर महिन्याला मालक वहीच्या पानावर पावती लिहून देई. साऱ्या पावत्या तीर्थरूपांनी पत्र्याच्या ट्रंकेत क्रमाने लावून ठेवल्या. छत्तिसावा हप्ता घेऊन ते गेले तेव्हा तो प्लॉट दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या नावे नोंदलेल्या दस्ताने गेला होता. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीखेरीज पुरी होत नाही, हे १९०८ च्या कायद्यात लिहिले आहे. तीर्थरूपांना ते ठाऊक नव्हते असे नाही. पण शब्दावर विश्वास ठेवण्याची त्यांची पद्धत होती, आणि वकील करण्याइतके पैसे प्लॉटमध्येच गेले होते. ती ट्रंक अजून आमच्याकडे आहे. आई गेली तोवर ती ट्रंकेवर काही ठेवू देत नसे.

येथे याला साधा बैनामा म्हणतात. तेलंगण सरकारने २०२० साली असे बैनामे नियमित करण्यासाठी अर्ज मागवले तेव्हा लाखो अर्ज आले. म्हणजे तीर्थरूप एकटे नव्हते. विकणाऱ्याकडून हप्त्याने घेणे वाईट नाही. थोड्या पैशांच्या माणसाला ती फार चांगली सोय आहे. मात्र विक्रीचा करार पहिल्याच दिवशी नोंदणी कार्यालयात नोंदवावा, हप्ते बँकेतून द्यावेत, आणि शेवटचा हप्ता व विक्रीखत एकाच दिवशी ठेवावे. त्या नोंदणीचा खर्च जड वाटतो. आमच्या घरात तो वाचवला होता.

आमच्या या भागात त्याशिवाय काही खास खड्डे आहेत. जिल्ह्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९५९ चा विनियम, १९७० च्या दुरुस्तीसह, लागू आहे; लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'वन ऑफ सेव्हंटी'. त्या क्षेत्रात आदिवासींखेरीज इतरांच्या नावे जमिनीचे हस्तांतर होत नाही, झालेले रद्दबातल ठरते. अशा जागेचे प्लॉट स्वस्त मिळतात, व स्वस्त का ते घेतल्यावर कळते. तक्रार करण्यासारखे मात्र त्यात काही नाही. गोंड आणि कोलामांच्या जमिनी कोणाकोणाच्या घशात गेल्या, हे हैमेनडॉर्फ यांनी निजामाच्या काळापासून लिहून ठेवले आहे, आणि त्या यादीत आपली मराठी आडनावे नाहीत असे आम्ही म्हणू शकत नाही. दुसरा खड्डा खाणीच्या जमिनींचा. सिंगरेणीच्या ताब्यातल्या जागांवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या घरांना वीज मीटर असते, घरपट्टीची पावती असते, पण पट्टा असेलच असे नाही; आणि पट्टा नाही तेथे बँक नाही. तिसरा, मंजुरी नसलेल्या लेआउटचा. २०२० च्या ऑगस्टअखेर अशा प्लॉटांची नोंदणी सरकारने अडवली आणि ते नियमित करण्याची योजना काढली, जिला सारे एलआरएस म्हणतात. प्लॉटची एलआरएस फी भरून आदेश हातात आला आहे की नुसता अर्ज केला आहे, हे विचारावे. अर्जाची पावती दाखवून प्लॉट विकणारे पुष्कळ भेटतील.

चौथा खड्डा कागदावर दिसतच नाही. २०२२ च्या जुलैत कडेम धरणावरून पाणी जाते की काय अशी रात्र आली, गोदावरी चढली, आणि मंचेरियलच्या सखल वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. त्या वस्त्यांचे प्लॉट पुढच्या उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत दिसले, किमतीही बऱ्या वाटल्या. प्लॉट पाहायला जावे ते श्रावणात, आणि विकणाऱ्याबरोबर न जाता शेजारच्या चहावाल्याला विचारावे की २२ साली पाणी कोठवर आले होते. तो हात करून भिंतीवर दाखवतो.

रंगीत कागद पुन्हा हातात घेतला. रेराचा नोंदणी क्रमांक शोधला, सापडला नाही. पाचशे चौरस मीटरांहून अधिक जागेवरचा किंवा आठांहून अधिक घरांचा प्रकल्प नोंदल्याखेरीज त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही, हा २०१६ चा कायदा आहे. आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. 'फक्त दहा टक्के' ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने घातलेली वेस आहे, आणि क्रमांक नसताना तेही मागण्याचा अधिकार नाही. चिरंजीव थोडे ओशाळले.

आमच्या सौभाग्यवती आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन सूनबाईंना म्हणाल्या, "तुझ्या पाटल्या कुठे आहेत?" सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. पाटल्या गहाण ठेवण्याचे ठरले होते. सोन्यावरचे कर्ज पर्सनल लोनपेक्षा बहुधा स्वस्त पडते, हे आम्हांस मान्य आहे. पण सौभाग्यवतींचा मुद्दा व्याजाचा नव्हता. घरातल्या बाईचे सोने ज्या घरात जाते त्या घराच्या दस्तावर तिचे नाव असले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. पाटल्या सोडवल्या जातीलच असे नाही, दस्त मात्र राहतो. कर्जाला सहअर्जदार म्हणून तिची सही चालते, आणि दस्तावर नाव घालताना मात्र 'पुढे पाहू' होते, हे आम्ही इतक्या घरांत पाहिले आहे की त्यावर अधिक लिहीत नाही.

मग काहीच करू नये काय? तसे आम्ही म्हटले नाही. चार लाख, दोन पगार आणि तरुण वय ही लहान शिदोरी नव्हे. आम्ही सुचवले ते असे. रंगीत इमारत सोडून द्यावी. नसपूर किंवा श्रीरामपूरच्या बाजूला, मंजूर लेआउटमध्ये, सव्वाशे-दीडशे गजांचा, म्हणजे गुंठा-सव्वा गुंठ्याचा प्लॉट स्वतःच्या पैशांनी आणि निधीतल्या उचलीने घ्यावा. कर्ज घ्यावे ते बांधकामाला. बँक ते पाया, स्लॅब, गिलावा असे टप्प्याटप्प्याने देते, त्यामुळे व्याजही एकदम सर्व रकमेवर चढत नाही. सिंगरेणीने आपल्या कामगारांच्या दहा लाखांपर्यंतच्या गृहकर्जावरचे व्याज भरून देण्याची सवलत जाहीर केलेली आहे. तिच्या अटी लेखी विचारून घ्याव्यात आणि कर्ज शक्य तर त्या मर्यादेत बसवावे. आणि घर असे बांधावे की त्यात दोन पोर्शन निघतील. क्वार्टर आहे तोवर दोन्ही भाड्याने, क्वार्टर सुटले की एकात आपण आणि एकात किरायेदार. हीही गुंतवणूकच आहे. फरक इतकाच की भाडे बंद पडले तरी छप्पर आपले असते, आणि दहा लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी आठ हजार सातशेच्या आत राहतो. तो एका पगारात निघतो. दुसरा पगार आजारपणाला, बाळंतपणाला, आणि खाणीत काम आहे म्हणून देव न करो पण जे मनात येते त्याला.

"पण काका, याला दोन-तीन वर्षं लागतील," चिरंजीव म्हणाले.

लागतील, असे आम्ही म्हणालो. ते फारसे खूश होऊन गेले नाहीत. जाताना हिशोब केलेला कागद सूनबाईंनी मागून घेतला.

तीन आठवड्यांनी दोघे पुन्हा आली. या वेळी हातात रंगीत कागद नव्हता; दीडशे गजांच्या एका प्लॉटचा लेआउट मंजुरीचा क्रमांक होता, तीस वर्षांचा ईसी होता आणि बँकेच्या वकिलाने पेन्सिलीने केलेली एक खूण होती. १९९४ चे एक लिंक डॉक्युमेंट जोडलेले नव्हते. विकणारे गृहस्थ ते आणण्यासाठी लक्सेट्टीपेटला आपल्या थोरल्या भावाकडे गेले आहेत. टोकन म्हणून अकरा हजार ताबडतोब द्या, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असा त्यांचा रोज निरोप येतो. चिरंजीव देण्याच्या विचारात होते. सूनबाईंनी सांगून पाठवले आहे की कागद आणा आणि चेक घेऊन जा.